गॅरेजात ठेवलेल्या गाडीत उंदरांचं घरटं. भरपाई कोण देणार?

प्रश्न : मी तारवटी. मे महिन्यात जहाजावर जाताना कार म्हापशाजवळच्या एका गॅरेजात दरमहा दीड हजार भाड्याने ठेवली, किल्लीही दिली. चवथीला परतलो तर बॉनेटखाली उंदरांचं घरटं, वायरिंग कुरतडलेलं. दुरुस्तीचा अंदाज ७८ हजार. घरट्यात एअर फिल्टरचा भुगा आणि पोत्याचे निळे धागे आहेत. शेडमध्ये गुरांच्या खाद्याची पोती असतात. मालक म्हणतो, "उंदरांना मी काय आमंत्रण दिलं?" पावतीवर 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलंय. दोन महिन्यांचं राहिलेलं भाडं दिल्याशिवाय गाडीही सोडत नाही. काय करू? – एक वाचक, पेडणे

उत्तर : पहिलं म्हणजे ते घरटं काढू नका, कुणाला काढूही देऊ नका. निळ्या धाग्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमची बाजू उभी राहील ती त्या धाग्यांवरच.

किल्लीसकट गाडी ताब्यात दिली की कायद्याच्या भाषेत तो निक्षेप झाला, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी गॅरेजवाल्याने घ्यायला हवी. तेवढी घेतली असेल तर कलम १५२ खाली तो सुटतो. उंदीर शिरला एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण काळजी घेतली हे दाखवायचं काम त्याचं आहे. पावसात शेतं पाण्याखाली गेली की घुशी-उंदीर कोरड्या जागेत शिरतात, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अशा दिवसांत गाड्यांशेजारी खाद्याची पोती रचायची, वर ना जाळी ना सापळा, ना महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघणं! याला शहाण्या माणसाची काळजी म्हणत नाहीत.

छापील ओळीला फार घाबरू नका. ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात (२०१९) पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की 'मालकाच्या जोखमीवर' असं टोकनवर छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तुमच्या पावतीलाही तोच न्याय लावून मागता येईल.

गाडी अडवण्याबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे. दुरुस्तीसारखं काम केलेला कारागीर मजुरीसाठी वस्तू अडवू शकतो (कलम १७०). नुसती गाडी ठेवून घेणाऱ्याला तो हक्क नाही, आणि कलम १७१ मधल्या बँका, वकील वगैरेंच्या यादीतही तो बसत नाही. पावतीवर तशी वेगळी अट असेल तर मात्र गोष्ट निराळी. पाठची बाजूही वाचा. तरीही माझं ऐकाल तर तीन हजारांसाठी भांडत बसू नका. 'हक्क राखून, तक्रारीसह' असं लिहून पैसे भरा, पोच घ्या आणि गाडी सोडवा. मात्र त्याआधी जागेवरच दोन साक्षीदारांसमोर व्हिडिओ काढा : घरटं, धागे, तुटलेल्या वायरी आणि एकाच चौकटीत गाडी व पोती. कुरतडलेले तुकडे पिशवीत घालून ठेवा.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. उंदरांच्या नुकसानीवर कंपन्या बऱ्याचदा खळखळ करतात, म्हणून नकार लेखीच मागा. त्यावर आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. विम्याचे पैसे मिळाले तर तेच पुन्हा गॅरेजकडून वसूल करता येणार नाहीत.

मग स्पीड पोस्टाने नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, आणि नाही जमलं तर पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार. मुदत दोन वर्षांची. दिलेलं भाडं पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. तक्रारीत 'अन्यायकारक करार' हा मुद्दा घालायचा मोह टाळा, तो राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातो आणि प्रकरण विनाकारण लांबतं. तुम्ही पुन्हा जहाजावर जाणार, तेव्हा भावाला किंवा पत्नीला अधिकारपत्र देऊन ठेवा.

एक प्रश्न मलाही विचारायचाय, कारण समोरचा वकील तो विचारणारच : गाडीत खाऊचं पाकीट, खाजं वगैरे राहिलं होतं का? राहिलं असेल तर मला आधी सांगा, लपवू नका. भरपाईची रक्कम त्याने कमी होऊ शकते. चवथीत दुसरी गाडी भाड्याने घेतली असेल आणि तिचा खर्च मागायचा असेल तर परतायची तारीख गॅरेजला आधी कळवल्याचा मेसेज शोधून ठेवा. तो नसेल तर ती मागणी टिकणं कठीण.