पहिला होम सर्व्हर: डिस्क कशा लावाल?

घरात चार जुन्या डिस्क पडून आहेत म्हणून चारही जोडू नका. सारख्या आकाराच्या दोन नव्या डिस्क घ्या आणि त्यांचा मिरर, म्हणजे रेड १ (RAID 1), लावा; यात दोन्ही डिस्कवर तोच डेटा लिहिला जातो. ४ टीबीच्या दोन घेतल्या तरी वापरायला ४ टीबीच मिळतात. स्क्रीनवर ३.६ दिसलं तर घाबरू नका, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक. अर्धी जागा फुकट गेली असं वाटेल, पण एक डिस्क बंद पडली तरी सर्व्हर चालू राहतो. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र वेगळ्या छोट्या एसएसडीवर टाका.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- रेडलाच बॅकअप समजणं. फोल्डर चुकून डिलीट केला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. आईच्या साठाव्या वाढदिवसाचे फोटो माझ्या हातून असेच गेले. सिनेमे पुन्हा मिळतील, फोटो नाही. त्यांची एक प्रत यूएसबी डिस्कवर काढून बहीण-भावाच्या घरी ठेवा.
- स्वस्त मिळते म्हणून एसएमआर डिस्क घेणं. तिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे रीबिल्डच्या वेळी, म्हणजे बिघडलेल्या डिस्कच्या जागी लावलेल्या नव्या डिस्कवर डेटा परत उतरवताना, लिहिणं फार मंदावतं. डेटाशीटवर सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढणारा प्रकार) लिहिलंय ना, बघून घ्या.
- यूपीएस न घेणं.

रेड ५ (तीन किंवा जास्त डिस्कची मांडणी) आणि झेडएफएस (डिस्कवर फाइल्स साठवण्याची एक पद्धत) यांचे बारकावे नंतर पाहू. खरा डेटा भरण्याआधी एक करा: सर्व्हर बंद करून एका डिस्कची केबल काढा, परत चालू करा आणि फाइल्स उघडतात का ते बघा.