ब्लाउजपिसांच्या उरलेल्या तुकड्यांतून भरतकाम केलेलं सुयांचं पाकीट हाताने कसं शिवायचं?

तुमच्याकडे मशीन नाही, तुकडे लहान आहेत, तरी जमेल का असं विचारलंत. जमेल, आणि हातानेच छान होईल. फक्त हे पाकीट वहीसारखं उघडतं, म्हणून वरच्या नक्षीआधी आतल्या कापडी पानांचा विचार करा, कारण सुया राहणार त्या पानांत. पावसाळ्यात सुती कापडात टोचून ठेवलेल्या सुया सहज गंजतात.

पानांना लोकरच घ्या. जुन्या शालीचा तुकडा चालतो. खात्री करायला एक धागा ओढून जाळा: केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. लोकरीचा तुकडा गरम पाण्यात साबण लावून खसाखसा चोळा. तो आटून दाट होतो, मग कडांचे धागे सुटत नाहीत आणि दुमड घालावी लागत नाही. शाल नसेल तर कोट शिवणाऱ्या टेलरकडे कॉलरखाली लावायच्या फेल्टचे तुकडे मागून बघा.

खणावर भरतकाम करू नका, त्याच्या विणीत टाका हरवतो. खण अस्तराला ठेवा, पाकीट उघडलं की काय सुरेख दिसतो! भरायला साधं पॉपलिन घ्या. तुकडा रिंगमध्ये मावत नसेल तर जुन्या सुती कापडावर कच्च्या टाक्यांनी जोडा, ते कापड रिंगमध्ये ताणा आणि तुकड्याखालचा भाग मागून कापून टाका. साडेसात बाय साडेचार इंचांचं माप आखा, पण कापा भरून झाल्यावरच, कारण भरताना कापड आवळतं. मधे घडीपुरता अर्धा इंच रिकामा सोडा. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या. साखळी टाक्याची वेल आणि गाठीच्या टाक्याचे दाणे, एवढं पुरे.

अस्तर वरच्या कापडाच्याच मापाचं. सहा बाय तीन इंचांची दोन पानं आधी अस्तराच्या मधोमध उलट्या टिपेने शिवा, म्हणजे ती शिवण भरतकामावर येत नाही. मग दोन्ही कापडांच्या सुलट बाजू आत ठेवून, पाव इंच माया सोडून शिवा. दोन इंच उघडे ठेवा, तिथून पलटवा आणि ती जागा हेम घालून बंद करा. अस्तराच्या दोन्ही कडांना समोरासमोर टिचबटण लावा.

पानांच्या कोपऱ्यात सुयांचे नंबरही भरून टाका. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. मशीनच्या सुईचं नेमकं उलटं, त्यामुळे पुढे मशीन घेतलंत तर त्या सुया वेगळ्या पानावर टोचा.