अतिवास्तव, जादुई की अद्भुत? मुराकामीच्या कादंबरीला काय म्हणावं

प्रश्न : जपानी लेखक हारुकी मुराकामीची 'हार्ड-बॉइल्ड वंडरलँड अँड द एंड ऑफ द वर्ल्ड' इंग्रजी अनुवादातून वाचणारे मराठी वाचक तिला कधी 'अतिवास्तव' म्हणतात, कधी 'जादुई वास्तववादी', तर कधी 'अद्भुतरम्य'. शिवाय 'साहित्यप्रकारांची सरमिसळ' हेही जोडतात. यातला नेमका शब्द कोणता?

उत्तर : या तीन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत आणि या कादंबरीपुरता त्यातला एकच चालतो, तोही निम्म्या पुस्तकाला. १९८५ च्या या कादंबरीत ४० प्रकरणं आहेत. विषम प्रकरणं टोकियोत घडतात. तिथला निवेदक स्वतःच्या मेंदूत माहितीचं सांकेतिकीकरण करून देणारा व्यावसायिक आहे. सम प्रकरणं तटबंदीच्या एका नगरात घडतात. तिथे प्रवेशाच्या वेळी माणसाची सावली कापून घेतात आणि निवेदक ग्रंथालयात बसून एकशिंगी प्राण्यांच्या कवट्यांमधली जुनी स्वप्नं वाचतो.

'अतिवास्तव' हा मराठी समीक्षेत रुळलेला चांगला शब्द आहे. अडचण होते ती 'अति'मुळे. 'अतिवृष्टी', 'अतिलोभ' यांत अति म्हणजे प्रमाणाबाहेर, तर 'अतींद्रिय', 'अतिमानवी' यांत अति म्हणजे पलीकडचं. 'अतिवास्तव' या दुसऱ्या गटातला. पण नवखा वाचक पहिला अर्थ धरतो आणि कादंबरी फारच वास्तववादी असेल असं समजतो. म्हणून पहिल्यांदा वापरताना शेजारी 'स्वप्नवत' ठेवावा, म्हणजे दिशा चुकत नाही. 'अतिवास्तववादी' मात्र टाळावं. 'वादी' लागला की १९२४ मध्ये आंद्रे ब्रेतोंने जाहीरनामा काढलेली पॅरिसची चळवळ आणि तिचं स्वयंचलित लेखन (मनात येईल ते न अडवता लिहीत जाणं) समोर येतं. मुराकामी त्या पंथातला नाही. नगराच्या भागाला 'अतिवास्तव वळणाची' म्हणणं पुरेसं आणि खरं आहे.

'जादुई वास्तववाद' हा शब्द सगळ्यात जास्त सैल हातानं वापरला जातो. फ्रान्झ रोह या जर्मन समीक्षकाने १९२५ मध्ये तो चित्रकलेसाठी वापरला आणि पुढे लॅटिन अमेरिकन कादंबरीमुळे तो जगभर गेला. त्याची कसोटी अशी : रोजच्या ओळखीच्या जगात अशक्य गोष्ट घडते आणि कुणी खुलासा मागत नाही. इथे टोकियोच्या भागात एक वृद्ध शास्त्रज्ञ निवेदकाच्या मेंदूत काय बसवलंय ते पानंच्या पानं समजावून सांगतो. असा खुलासा आला की गोष्ट विज्ञानकथेच्या अंगणात जाते. नगराच्या भागात खुलासा नाही, पण तिथे ओळखीचं रोजचं जगही नाही, मग जादू मिसळणार कशात? दोन्ही भागांना हे लेबल बसत नाही.

'अद्भुत'ची कसोटी तर आपल्याच काव्यशास्त्रात आहे. अद्भुतरसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, विस्मय. या कादंबरीची सुरुवात आठवा : लिफ्ट इतकी संथ की वर चाललीय की खाली तेही कळत नाही, आणि निवेदक शांतपणे दोन्ही खिशांतली नाणी दोन हातांनी एकाच वेळी मोजत उभा आहे. विस्मयाचा पत्ता नाही! हा थंडपणाच या पुस्तकाची चव आहे आणि 'अद्भुत' म्हटलं की ती निसटते. 'अद्भुतरम्य'ने तर वाचक 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या पठडीतल्या कादंबऱ्यांकडे वळतो, म्हणजे संकटं, ताटातूट आणि पुनर्मीलन यांच्याकडे.

आता सरमिसळ. मराठीत 'साहित्यप्रकार' म्हणजे कथा, कविता, नाटक. त्यामुळे 'साहित्यप्रकारांची सरमिसळ' वाचून मध्येमध्ये कविता किंवा नाट्यप्रवेश असतील असं वाटू शकतं. सरळ नावं घ्यावीत : विज्ञानकथा, हेरकथा, स्वप्नकथा. 'हार्ड-बॉइल्ड' म्हणजे अमेरिकन हेरकथेची ती कोरडी, कमी बोलणारी, भावना न दाखवणारी शैली. तिला मराठीत एकशब्दी नाव शोधण्यापेक्षा 'हार्ड-बॉइल्ड हेरकथा' असंच लिहावं. आणि 'सरमिसळ' शब्दात अव्यवस्था आहे. इथे दोन कथा एकमेकींत कालवलेल्या नाहीत, एकाआड एक येतात आणि हळूहळू जवळ सरकतात. गोफ विणताना पदर वेगळे दिसतात, तसं. म्हणून 'गुंफण' अधिक अचूक.

वाचकांच्या प्रतिक्रियांत आणखी एक शब्द सारखा येतो : 'दुर्बोध'. मर्ढेकरांच्या कवितेवरच्या वादापासून हा शब्द आपल्याकडे प्रामुख्यानं भाषेच्या आणि प्रतिमांच्या कठीणपणाला लागतो. मुराकामीची वाक्यं सोपी असतात. वाक्य कळतं, त्याचा बाकीच्या गोष्टीशी संबंध लागत नाही. तेव्हा 'गूढ' किंवा 'पुरती न उलगडणारी' म्हणावं.

'निवेदक' म्हणताना कोणता ते सांगणंही गरजेचं आहे. जपानीत टोकियोतला निवेदक स्वतःला 'वाताशी' म्हणतो, तर नगरातला 'बोकु'. पहिलं जरा औपचारिक, दुसरं पुरुषांच्या तोंडचं, जवळिकीचं. इंग्रजीप्रमाणे मराठीतही दोघांना एकच 'मी'. आल्फ्रेड बर्नबॉमने १९९१ च्या अनुवादात यावर तोड काढली : टोकियो भूतकाळात, नगर वर्तमानकाळात. त्यामुळे 'नगराच्या प्रकरणांत काळ थांबल्यासारखा वाटतो' असं कुणी लिहिलं तर त्या परिणामातला काही वाटा अनुवादकाचा आहे. शिवाय बर्नबॉमने मजकूर काही ठिकाणी छाटला होता. दुसरे अनुवादक जे रुबिन यांचा २०२४ चा अनुवाद छाटलेले भाग परत आणतो आणि नावाचा क्रमही मूळ जपानीप्रमाणे ठेवतो, म्हणजे 'एंड ऑफ द वर्ल्ड' आधी. तेव्हा 'भाषा चटपटीत आहे', 'वेग चांगला आहे' असं काही लिहायचं असेल तर कंसात अनुवादकाचं नाव आणि वर्ष द्यावं.

एका वाक्यात बसवायचं तर असं लिहिता येईल : 'हार्ड-बॉइल्ड हेरकथेच्या बाजाची विज्ञानकथा आणि अतिवास्तव वळणाची स्वप्नवत कथा यांची प्रकरणागणिक गुंफण (अनु. बर्नबॉम, १९९१)'.