सागाची वलये आणि नदीचे टीएमसी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : लाकूड डेपोतून शाळेला सागाची एक चकती मिळाली. झाड जानेवारी २०१९ मध्ये तोडलेले होते. दुष्काळी वर्षाचे वलय अरुंद येते असे ऐकले होते. दर वर्षाला एक वलय धरून सालीकडून आत मोजत गेलो तर १९७२ च्या जागी खरोखरच अरुंद वलय आले. हा त्या दुष्काळाचा पुरावा समजावा का? (शिक्षिका, बल्लारपूर)

उत्तर : अजून नाही. पण साल शाबूत असलेली आणि तोडणीची तारीख माहीत असलेली चकती मिळणे हेच निम्मे काम आहे. जानेवारीत तोडलेल्या सागाचे सालीलगतचे वलय आदल्या पावसाळ्याचे, म्हणजे २०१८ चे असते. तुम्ही २०१९ पासून मोजायला सुरुवात केली असेल तर तिथेच एक वर्ष चुकले.

सागाचे वलय ओळखायला १० पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. नव्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ आणि तिच्यासोबत फिकट पट्टी दिसते. पुढे छिद्रे बारीक आणि विरळ होत जातात. हा बदल एकदम झालेला असेल आणि चकतीभर सलग फिरत असेल तर ती खरी वर्षसीमा. पट्टी हळूहळू विरत गेली किंवा अर्ध्या परिघातच संपली तर संशय घ्या. पावसात मोठा खंड पडला, किंवा पाने खाणाऱ्या अळीने ऐन जुलैत झाड बोडके केले, की त्याच हंगामात दुसरी पट्टी उमटू शकते. असे खोटे वलय मोजले गेले तर खरे १९७३ तुमच्या मोजणीत १९७२ ठरते. उलट, फार वाईट वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूला वलय बनतच नाही. ते सुटले तर १९७१ चे वलय १९७२ म्हणून समोर येते.

म्हणून किमान तीन त्रिज्यांवर मोजा आणि त्याच परिसरातल्या दहा-वीस झाडांशी ताडून पाहा. आलेखाच्या कागदाची लांब पट्टी कापा आणि दर वर्षाला २ मिलिमीटर जागा द्या. शेजारच्या वलयांपेक्षा जे वलय जितके अरुंद, तितकी उंच रेघ त्या वर्षावर काढा. रुंद आणि साधारण वलयांच्या जागा मोकळ्या ठेवा. आता दोन झाडांच्या पट्ट्या शेजारी ठेवून सरकवा. उंच रेघा एका ठिकाणापर्यंत जुळल्या आणि तिथून पुढे सगळ्या एका घराने सरकल्या, तर त्याच ठिकाणी कुठल्यातरी झाडात वलय जास्त मोजले आहे किंवा सुटले आहे. या ताडणीला तारीख-जुळणी म्हणतात. ती न करता केलेली मोजणी कितीही काळजीपूर्वक असली तरी आम्ही ती तारीख म्हणून स्वीकारणार नाही.

अरुंद वलय दिसले की दुष्काळ, असेही नाही. वणवा, फांद्यांची छाटणी, अळी यांनीही वाढ खुंटते. विरळणीनंतर मात्र उरलेल्या झाडांची वलये काही वर्षे रुंद येतात. दुष्काळ सगळ्या डोंगरभर एकाच वर्षी दिसतो, छाटणी एका झाडात.

प्रश्न : उभ्या झाडातून नमुना कसा काढतात? झाड मरत नाही का? (वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : पोकळ गिरमिटाने. सुमारे ५ मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीहून बारीक कांडी बाहेर येते. निरोगी झाड ही जखम साधारणपणे आपणच बंद करते, तरी गिरमिट स्वच्छ हवे आणि वनखात्याची लेखी परवानगी तर हवीच.

छातीच्या उंचीवर, सुमारे १.३ मीटरवर, उताराला आडवे, म्हणजे समान उंचीच्या रेषेला समांतर भोक पाडा. उताराच्या वरच्या-खालच्या बाजूला झुकलेल्या खोडाची वलये विषम असतात. जुन्या सागाच्या बुंध्याला खोबणी पडलेल्या असतात, त्या टाळा. पात्याला मेण लावा. गाभ्यापर्यंत पोहोचल्यावर पन्हळीसारखी पट्टी आत सरकवा, गिरमिट अर्धा फेरा उलटे फिरवून कांडी तोडा आणि पट्टीसह ओढून घ्या. मग लगेच गिरमिट काढायला घ्या. लाकूड पाते आवळते, उशीर केला की ते अडकून बसते. साग गिरमिटाची धार लवकर घालवतो. बोथट पात्याने कांडीचे तुकडे पडतात आणि जोडाजवळची वलये हरवतात.

कांडी कागदी नळीत ठेवा. प्लास्टिकच्या नळीत बुरशी धरते. वाळल्यावर लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवताना तंतू उभे राहिले पाहिजेत. सगळ्यांत जास्त कांड्या वाया जातात त्या इथे, कारण आडवी चिकटलेली कांडी कितीही घासली तरी वलये स्पष्ट होत नाहीत. पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करून ४०० आणि ६०० पर्यंत न्या. दर दहाव्या वर्षाला पेन्सिलीने एक ठिपका, पन्नासाव्याला दोन, शतकाला तीन. प्रत्येक झाडाच्या दोन कांड्या आणि एका ठिकाणी किमान वीस झाडे घ्या.

प्रश्न : वलयाच्या रुंदीवरून नदीचे पाणी कसे कळते? झाड काही नदीचे पाणी पीत नाही. (निवृत्त पाटबंधारे अभियंता, सांगली)

उत्तर : बरोबर, आणि म्हणूनच नदीकाठची झाडे घेत नाहीत. काठावरच्या झाडाला दुष्काळातही ओल मिळते, त्याची वलये सारखी येतात. पाणलोटातल्या खडकाळ, पातळ मातीच्या उतारावरची झाडे निवडतात. जो पाऊस किंवा बर्फ नदीत उतरतो, त्याच्याच ओलीवर ती जगतात.

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचे. १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एका एकरावर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी वाटून दिले. आपल्या हिशेबात १० लाख एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी (अब्ज घनफूट), तेव्हा दोन्ही मिळून सुमारे ६५३ टीएमसी झाले. हाताशी असलेल्या थोड्या वर्षांच्या नोंदी त्याहून जास्त पाणी दाखवत होत्या. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी यांनी वलयांवरून त्या नदीवरच्या लीज फेरी या मोजणीच्या ठिकाणच्या प्रवाहाचा दीर्घकालीन अंदाज काढला. तो सुमारे १३५ लाख एकर-फूट, म्हणजे ५८८ टीएमसी निघाला. करार झाला तो काळ नेमका काही शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी होता. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा थोडा वर सरकला, पण निष्कर्ष तोच राहिला. २००७ मध्ये वलयांवरून काढलेली प्रवाहाची मालिका इ.स. ७६२ पर्यंत मागे गेली. तिच्यात बाराव्या शतकाच्या मध्यात सलग पंचवीस वर्षे अशी दिसली, की त्यांची सरासरी आजच्या सरासरीच्या ८४ टक्क्यांहूनही कमी होती.

रुंदीचा आकडा सरळ प्रवाहात बदलत नाही. झाड वाढते तसा परीघ वाढतो आणि वलये आपोआप अरुंद होतात. म्हणून प्रत्येक झाडाच्या मालिकेवर वयाची वक्ररेषा बसवून रुंदीला तिने भागतात, मग सरासरी वर्ष १ येते. सर्व झाडांचा मेळ पुरेसा आहे का, हे एका निर्देशांकाने तपासतात. तो ०.८५ च्या खाली गेला की त्यामागची शतके वापरताना हात आखडता घ्यावा. मग मोजलेल्या प्रवाहाशी समीकरण बसवतात, पण अर्धी वर्षे बाजूला झाकून. समीकरणाने झाकलेली वर्षे नीट सांगितली तरच ते मागे न्यायचे. मोजलेला प्रवाह धरणांनी अडवलेला, कालव्यांनी उचललेला असेल तर आधी ते पाणी परत मिळवून नैसर्गिक प्रवाह काढावा लागतो. हे न करता काढलेले समीकरण झाडाशी नव्हे, दरवाजांच्या वेळापत्रकाशी जुळते.

एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा : ही पद्धत दुष्काळ चांगला सांगते, पूर कमी सांगते. एका हद्दीपलीकडे पाणी वाढले तरी झाड जास्त वाढत नाही.

प्रश्न : मग कृष्णेसाठी हे का करू नये? (तेच वाचक)

उत्तर : करायला हवे, असे आमचे ठाम मत आहे. बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांवरून ७५ टक्के भरवशाचे, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल असे पाणी २०६० टीएमसी धरले. ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षे घेतली, तेव्हा तोच भरवसा २१७३ झाला. कोणती वर्षे घेतली यावर शंभराहून जास्त टीएमसीचा फरक पडतो.

साधने आपल्याकडे आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने मध्य भारतातल्या सागावर काम केले आहे. त्यात नुसत्या पावसापेक्षा मुळांशी टिकणाऱ्या ओलीचा, आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरच्या ओलीचासुद्धा, वलयाशी जास्त घट्ट संबंध दिसला. केरळातल्या सागाची मालिका १४८१ पर्यंत जाते. हिमाचलातल्या किन्नौरमधल्या शंकुधारी झाडांवरून सतलजचा सात शतकांचा प्रवाह मांडला गेला आहे. सह्याद्रीत अडचण जुन्या झाडांची आहे, कारण मोठा साग केव्हाच तोडला गेला. जुन्या वाड्यांच्या तुळया हा एक मार्ग आहे. पण तुळईचा बाहेरचा पांढरा भाग तासून टाकला असेल तर शेवटची किती वलये गेली ते कळत नाही, आणि साग कुठल्या रानातला हेही ठाऊक हवे.

प्रश्न : अंगणातल्या आंब्याचे वय असे काढता येईल का? (गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर : नाही. आंबा सदाहरित आहे, आणि कोकणात त्याची वर्षसीमा भरवशाने वाचता येत नाही. वडाचेही तेच. भोक पाडू नका. जुन्या सातबाऱ्यावर फळझाडांची नोंद असेल तर तिथे शोधा.