ठसा म्हणजे डाग नाही

अगं, तुझा मेसेज वाचला आणि माझी झोपच उडाली. सीदे या प्राचीन ग्रीक शहराचं (आजच्या तुर्कस्तानातलं) टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार द्राख्मांचं चांदीचं नाणं, पुढच्या बाजूला अथेना देवीच्या गालावर चौकोनी ठसा ठोकलेला, मागे डाळिंबाशेजारची विजयदेवी नाइकी नेमकी तिथेच चपटी, म्हणून तू ते परत करणार? थांब जरा. पुढून पंच, म्हणजे छोटा ठसा, ठोकला की मागचं चित्र दबतंच, दोन खोट नाहीत त्या, एकाच घावाच्या दोन बाजू आहेत. ठसा म्हणजे डाग नाही.

भिंग घे, लाइट बाजूने पाड. चौकोनात भात्यात ठेवलेलं धनुष्य दिसेल, जवळ बारीक अक्षरं. पाय-एप्सिलॉन-ऱ्हो ही ग्रीक अक्षरं (ΠΕΡ) असतील तर ठसा पर्गमॉन शहराचा, एप्सिलॉन-फाय-एप्सिलॉन (ΕΦΕ) असतील तर एफेसस शहराचा. इ.स.पू. 188 ला रोम आणि सिल्युसिड राजा यांच्यात अपामेयाचा तह झाला आणि आशिया मायनरचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा, मोठा भाग पर्गमॉनच्या युमेनीस राजाकडे आला, पुढे तिथे सिस्टोफोरस हे हलकं नाणं निघालं, साधारण साडेबारा ग्रॅमचं, आणि सीदेचं सोळा-सतराचं. सीदेसारखी बाहेरची चांदी त्या राज्यात चालायची ती या ठशाच्या जोरावर. धनुष्य-भाता सिस्टोफोरसवरही आहे, बघ जुळवून.

मी तिशीत असताना असंच एक नाणं सराफाकडून चकचकीत करून आणलं गं. धनुष्याची कड तेवढी उरली, अक्षरं गेली, शहर कायमचं गेलं. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, हौशी लोकांत स्वच्छ नाण्याचाच मान होता, मी एकटाच चुकलो असं नाही... पण विचारता आलं असतं, विचारलं नाही. म्हणून तुला चिडून सांगतोय, सोडा नको, लिंबू नको, ब्रश तर अजिबात नको!

आणि तू नाशिककडची ना? 1906 ला जोगळटेंभीला 13 हजारांवर चांदीची नाणी निघाली, क्षत्रप राजा नहपानाची, त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारलेले. तिथे पूर्ण छापच नवा, इथे छोटा पंच, फरक आहे, पण कोणाची सत्ता गेली आणि कोणाची आली ते त्या छापांवरूनच कळतं. त्यांना कोणी खराब म्हणतं का? मग अथेनाच्या गालावरचाच ठसा डाग कसा?

परतीचा फॉर्म भरू नकोस. वजन दोन दशांशांपर्यंत कळव, आणि ठशाचा फोटो चार बाजूंनी लाइट पाडून काढ, एका बाजूने न दिसलेलं अक्षर दुसऱ्या बाजूने दिसतं. मी जागाच आहे.