नागपुरात कोच नसताना क्रोकेचा खेळ कसा सुधारावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात राहता, आधी वुडबॉल (मॅलेटने लाकडी चेंडू गेटमधून घालायचा खेळ) खेळायचात, आता वर्षभर क्रोके खेळताय, म्हणजे मॅलेट या लांब दांड्याच्या हातोड्याने चेंडू मारून जमिनीत रोवलेल्या हूपमधून, लोखंडी कमानीतून, काढायचा खेळ; रोज तासभर सराव करता, तरी हूपमधून चेंडू जात नाही. इथे शिकवणारं कोणी नाही, तर सुधारणा कशी करायची?

आधी तो रोजचा तास आठ दिवस बंद ठेवा. कारण सांगतो.

मी बँकेत होतो. बदलीची काही वर्षं कोलकात्यात गेली आणि तिथे हा खेळ लागला. निवृत्तीनंतर नागपूरला परतलो तेव्हा सामानात एक मॅलेट आणि चार चेंडू होते, हूप नव्हते. ते इथल्याच एका वेल्डरकडून करून घेतले: 16 मिलिमीटरची सळई, जमिनीवर एक फूट उंची. त्या भल्या माणसाने तीनदा विचारलं, "काका, कूलरचा स्टँड बनवून राहिले का?" शेजाऱ्यांना 'क्रोके' सांगितलं की ते 'क्रिकेट' ऐकतात. आता मीही दुरुस्त करत नाही.

पहिलं वर्षभर मी तुमच्यासारखाच वागलो. रोज शंभर फटके, पाऊस असला तरी. वर्षाअखेर माझा डावीकडे जाणारा चेंडू इतका पक्का झाला की हमखास डावीकडेच जायचा. सरावाने मी चूकच घोटून घेतली होती.

मग एका लग्नासाठी कोलकात्याला गेलो, तेव्हा जुन्या ओळखीच्या एका ज्येष्ठ खेळाडूंना म्हटलं, जरा बघता का. त्यांनी वीस मिनिटं दिली आणि त्यातली पंधरा मिनिटं मला चेंडू मारूच दिला नाही. नुसतं चालायला लावलं. चेंडूच्या मागे दोन-तीन मीटर जायचं, चेंडू आणि लक्ष्य एका रेषेत दिसेपर्यंत थांबायचं, आणि त्याच रेषेवरून चालत येऊन पाय रोवायचे. याला तिथे 'स्टॉकिंग' म्हणतात, शिकारी सावजामागे दबकत जातो तसं. मी बाजूने येऊन उभा राहायचो आणि मग खांदे वळवून नेम धरायचो. पाय एकीकडे, खांदे दुसरीकडे. वर्षभरात हे मला एकदाही दिसलं नव्हतं, दिसणार तरी कसं? मी तर चेंडूकडे बघत होतो.

हे एवढं महत्त्वाचं का, याचा हिशोब मी नंतर घरी येऊन मांडला (बँकेची सवय). चेंडूचा व्यास 92 मिलिमीटर. 10 मीटरवरच्या चेंडूला नुसता स्पर्श करायचा तरी आपला चेंडू मध्यापासून 92 मिलिमीटरपेक्षा जास्त भरकटून चालत नाही. म्हणजे साधारण अर्धा अंश. आणि मॅलेटचं डोकं 23 सेंटिमीटर लांब धरलं, तर त्याचं मागचं टोक 2 मिलिमीटर बाजूला सरकलं की अर्धा अंश संपला. आता सांगा, उभं राहिल्यावर खांदे फिरवून हे जमेल का?

वुडबॉलमधून येणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. तिथे चेंडू साडेनऊ सेंटिमीटरचा आणि गेट 15 सेंटिमीटरचं. क्रोकेत ही मोकळी जागा काही मिलिमीटरच असते; मी घरचे हूप 98 मिलिमीटरवर ठेवलेत, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 6. शिवाय वुडबॉलमध्ये बरेच जण मॅलेटचा झोका अंगाच्या बाजूने घेतात. इथे मॅलेट दोन पायांच्या मधून जातं, घड्याळाच्या लंबकासारखं. ताकद लावायची नाही. मॅलेट सव्वा-दीड किलोचं असतं, त्याचं वजनच काम करतं. मनगट जितकं गप्प तितकं बरं.

पकडीवर लोक तासन्‌तास वाद घालतात. रूढ पकडीत वरच्या हाताची बोटांची पेरं पुढे आणि खालच्या हाताचा तळवा पुढे, सॉलोमन पकडीत दोन्ही हातांची पेरं पुढे, आयरिश पकडीत दोन्ही तळवे पुढे. तिन्ही पकडींनी मोठे खेळाडू झाले आहेत. ज्यात हात दुखत नाही ती धरा आणि विषय संपवा.

आता कोच कुठून आणायचा? मला नागपुरात कोणी भेटलेलं नाही. पण कोच करतो ती दोन कामं आहेत, चूक दाखवणं आणि तिच्यावरचा उपाय सांगणं. पहिलं काम कोणीही करू शकतं. मोबाइल हूपच्या पलीकडे, नेमक्या रेषेत, जमिनीलगत टेकवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. बाजूने काढलेल्या व्हिडिओत काही कळत नाही, तिथे सगळेच छान दिसतात. समोरून मात्र मॅलेट सरळ मागे जातंय की कोयत्यासारखं वळतंय ते लगेच उघडं पडतं. आणि एखादा माणूस मागे उभा करा, पण त्याला एकच प्रश्न द्या. "कसं खेळलो?" असं विचारलं की लोक "मस्त" म्हणतात.

माझं दुसरं निदान तर आमच्या सौभाग्यवतींनी केलं. ओट्यावर कुरडया घालत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, चेंडू निघायच्या आधी तुम्ही मान वर काढता." खेळातलं तिला काही येत नाही. पण व्हिडिओ पाहिला, तर दहापैकी आठ फटक्यांत तेच. आता फटका मारल्यावर, चेंडू होता त्या जागेच्या गवताकडे बघत मनात दोन आकडे मोजतो.

दुसऱ्या कामासाठी, म्हणजे उपायासाठी, वर्षातून एकदा कोलकात्याची वारी करा किंवा तिथल्या खेळाडूंना व्हिडिओ पाठवा. एका वेळी एकच चूक विचारा.

सराव आठ दिवसांनी सुरू कराल तेव्हा अर्ध्या तासाचाच करा आणि वही ठेवा. हूपसमोर अगदी सरळ 1 मीटरवरून दहा चेंडू. नऊ जाईपर्यंत 2 मीटरवर जायचं नाही. प्रत्येक चेंडूला मागे जाऊन चालत यायचं, आळस करायचा नाही. त्यामुळे अर्ध्या तासात चाळीसच फटके होतात आणि तेवढे पुरेत. शेवटची दहा मिनिटं जोर मोजायला: हूपच्या अलीकडे मीटरभरावर एक पंचा अंथरा आणि सात-आठ मीटरवरून त्यावर चेंडू थांबवा. तुम्ही बहुधा क्रोकेचा गोल्फ क्रोके हाच प्रकार खेळत असाल: निळा, लाल, काळा, पिवळा या क्रमाने एकेका चेंडूला एकेक फटका आणि 7 हूप आधी घेणारा विजयी. त्यात हूपसमोर नीट येऊन थांबणं हे हूप मारण्याइतकंच मोलाचं. तिरक्या कोनात थांबलात तर त्या 6 मिलिमीटरचं शून्य होतं. नवखा माणूस मात्र प्रतिस्पर्ध्याचा चेंडू दणक्यात उडवायच्या मोहात पडतो आणि स्वतःचा चेंडू कुंपणाला लावून येतो.

नागपूरचं म्हणून एक सांगतो. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, हूप हलायला लागतात. पहिल्या पावसानंतर फुगते आणि तेच हूप आवळतात. रोज खेळण्याआधी चेंडू हातात घेऊन प्रत्येक हूपमधून फिरवून बघा. नाहीतर दोष मातीचा आणि तुम्ही झोका बदलत बसाल. मी उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते सात खेळतो. त्यानंतर इथे लोखंडी हूपला हात लावून दाखवा.

किती दिवसांत फरक पडेल? माझ्या वहीत पहिल्या महिन्यात 2 मीटरवरून दहापैकी तीन आहेत. आठव्या महिन्यात सात. मधल्या तीन महिन्यांत चारच्या वर आकडा गेला नाही आणि मी मॅलेट माळ्यावर टाकायच्या बेतात होतो. सध्या डावीकडून तिरक्या कोनातून हूप मारण्यावर अडलोय. त्याचा व्हिडिओ कालच पाठवलाय, अजून उत्तर आलेलं नाही.