रूपे पाठ, पण वाक्य अडते

प्रश्न : नववीच्या मुलांना 'राम' शब्द तोंडपाठ आहे, पण संस्कृत वाक्य लिहिता येत नाही. काय करावे? (एक शिक्षिका, दादर)

उत्तर : पाठांतर सोडू नका, क्रम बदला. 24 रूपे एकदम देण्याऐवजी आधी एकवचनातली प्रथमा, द्वितीया आणि तृतीया पक्की करा. तासाची पहिली 10 मिनिटे चार-पाच ओळींचा उतारा वाचून घ्या. प्रत्येक वाक्यात मुलांनी आधी क्रियापद शोधावे, त्याच्या पुरुष-वचनावरून कर्ता, मग कर्म. मराठी अर्थ सगळ्यात शेवटी.

खरी गडबड भूतकाळात होते. 'रामाने आंबा खाल्ला' याचे मुले हमखास 'रामेण आम्रम् अखादत्' करतात, कारण 'ने' म्हणजे तृतीया हे डोक्यात बसलेले असते. त्यात मुलांचा दोष नाही, मराठीची रचनाच तशी आहे. फळ्यावर दोन वाक्ये शेजारी लिहा : 'रामः आम्रम् अखादत्' आणि 'रामेण आम्रं खादितम्'. मग आंबे दोन करा. पहिल्यात 'आम्रे' झाले तरी 'अखादत्' तसेच राहते, दुसऱ्यात 'खादितम्'चे 'खादिते' होते. हा बदल मुलांकडूनच करून घ्या, नियम नंतर सांगा.